मुलाला ऑटिझम आहे, गणितात दोन इयत्ता पुढे आहे, पण वर्गात लिहीत नाही. विशेष शाळेत घालू की वरच्या वर्गात बसवू?

तुम्ही लिहिलंय की मुलगा नऊ वर्षांचा, चौथीत आहे, सहावीची गणितं तोंडी करतो, पण वही कोरी. आणि बाई म्हणतात, "येतं तर लिहीत का नाही? आधी वर्गात नीट बसायला शिकू दे, पुढचं गणित नंतर बघू." स्पेशल एज्युकेटर म्हणून या वाक्यावर मी स्टाफरूममध्ये इतक्यांदा भांडले आहे, की शाळा बदलण्याचं नंतर बोलू, आधी याचाच निकाल लावते.

लिहीत का नाही, हे मुलालाच नीट विचारलं तर कळतं. चौथीतल्या एका मुलाची वही सांगते. गणित होतं 4536 भागिले 7. त्याने नुसतं 648 लिहिलं. उत्तर बरोबर, पायऱ्या नाहीत, गुण पाचपैकी एक. "कसं काढलंस?" म्हटलं की हा गप्प. "कसं" हा प्रश्न अशा मुलाला फार मोघम पडतो, कुठून सुरुवात करायची तेच कळत नाही. "पहिला आकडा कुठला आठवला?" असं विचारल्यावर लगेच म्हणाला, "4900." सातशे साते 4900. त्यात 364 जास्तीचे, ते बावन्न साते. 700 वजा 52. झालं. पुस्तकातली पद्धत म्हणजे 45 ला सातने भागा, 6 वर लिहा, 3 उरले, पुढचा 3 खाली उतरवा. यातलं त्याने काहीच केलेलं नव्हतं. जे केलंच नाही त्याच्या पायऱ्या कुठून लिहिणार?

दुसरं कारण बहुतेक वेळा हात असतो. घरीच तपासा. त्याच्या पुस्तकातला परिच्छेद पाच मिनिटं घड्याळ लावून उतरवायला द्या आणि अक्षरं मोजा. वर्गातल्या दोन-तीन मुलांकडूनही तेच करून घ्या. तुमच्या मुलाची अक्षरं निम्म्याच्या आसपास भरली, पेन्सिलीचं टोक सारखं तुटत असेल, मागच्या पानावर खड्डे उमटत असतील, तर तो आळस नाही. ऑक्युपेशनल थेरपिस्टला, म्हणजे हाताची पकड, लिहिणं अशा रोजच्या कामांवर उपचार करणाऱ्यांना, दाखवा. तोवर वीस गणितांऐवजी पाच द्या, एका पानावर एकच, एक सेंटिमीटर चौकटीच्या वहीत.

पायऱ्यांसाठी सगळ्यात उपयोगी पडलेला उपाय म्हणजे चुकीची गणितं. मोठ्यांनी गणित चुकवून सोडवायचं आणि मुलाने चूक पकडायची. त्या मुलाला 3624 भागिले 6, उत्तर 64, असं पूर्ण मांडून दिलं. त्याने 2 भोवती गोल केला आणि शेजारी लिहिलं, "2 मध्ये 6 जात नाही. वर 0 पाहिजे." त्या वर्षात त्याने आपणहून लिहिलेली ती पहिली पायरी. रोज दोन अशी गणितं, तीन आठवडे. मग त्याला सांगायचं की पायरी दुसऱ्याला चूक शोधता यावी म्हणून असते, आता तुझी चूक बाईंना सापडली पाहिजे. कारण पटलं की ही मुलं लिहितात. आणि मग त्याच्या पायऱ्या त्याच्याच राहू द्या: 4900, 364, 700 − 52. बाईंनी त्यांना पूर्ण गुण द्यावेत, यासाठी भांडावं लागलं तर भांडा.

"आधी बसायला शिकू दे" हे मला अजिबात मान्य नाही. आवडीचं गणित काढून घेतलं की दिवसभरात त्याला जमणारं, आवडणारं काहीच उरत नाही, आणि बसणं आणखी अवघड होतं. गणित बक्षीस म्हणून देऊ नका आणि शिक्षा म्हणून काढून घेऊ नका. खेळाचा तासही तसाच, तो कापला की पुढच्या दोन तासांत त्रास ठरलेला. बसण्यासाठी वेगळे उपाय आहेत. जागा भिंतीकडची, पहिल्या-दुसऱ्या बाकावरची द्या, खडखडणाऱ्या पंख्याखालची नको. दिवसाचं वेळापत्रक बाकावर चिकटवलेलं. तास बदलणार असेल तर दहा मिनिटं आधी सांगायचं. दर चाळीस मिनिटांनी खडू किंवा हजेरीपट आणायला पाठवायचं. शाळेत दिवसभर शहाणा आणि घरी दप्तर टाकताच रडारड होत असेल, तर दिवसभर दाबून ठेवलेलं बाहेर पडतंय. तेव्हा प्रश्न विचारू नका. अर्धा तास अंधारी, शांत खोली द्या.

शाळेने बुद्ध्यांकाचा एकच आकडा दाखवला असेल तर पूर्ण अहवाल मागा, उपचाचण्यांचे गुण वेगळे बघा. एकूण 104 च्या पोटात तर्क 128 आणि वेग 78 असू शकतो, मग 104 ला अर्थ राहत नाही. आपल्याकडे वापरली जाणारी बिने-कामत चाचणी भाषेवर बरीच उभी आहे, उशिरा बोलू लागलेल्या मुलाला ती कमी लेखू शकते. रेव्हनची आकृत्यांची चाचणीही करून घ्या. मॉन्ट्रियलच्या संशोधकांनी 2007 मध्ये दाखवलं की ऑटिस्टिक मुलांचं रेव्हनवरचं स्थान वेक्सलर या नेहमीच्या बुद्ध्यांक चाचणीपेक्षा सरासरी 30 पर्सेंटाईल (शंभर मुलांत कितवा, ते स्थान) वर होतं.

आता तुमचा प्रश्न. वर्गात बसत नाही एवढ्यावरून विशेष शाळा, हे मला पटत नाही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम 16 सरकारी, अनुदानित आणि मान्यताप्राप्त शाळांना भेदभाव न करता प्रवेश आणि गरजेप्रमाणे सोयी द्यायला सांगतं. मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या, पोच घ्या. तोंडी बोलण्यातून काही हाती लागत नाही. दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्राचं कामही आत्ताच सुरू करा. पुढे परीक्षेत लेखनिक आणि तासाला वीस मिनिटं जादा वेळ यासाठी ते लागतं, दहावीत धावपळ नको.

दोन इयत्ता वर ढकलू नका. तिथे लिहिणं दुप्पट होईल आणि हात तोच राहील. फक्त गणिताच्या तासाला वरच्या वर्गात पाठवता येतं, पण त्यासाठी दोन्ही वर्गांचा गणिताचा तास एकाच वेळी हवा.

एक सांगायचं राहिलं. ऑटिझम असलेली बहुतेक मुलं गणितात पुढे नसतात, आणि सोयींचा हक्क त्यांनाही तेवढाच आहे. हुशार आहे म्हणून सोय द्या, असं शाळेत कधी मागू नका. हे सगळं बोलणाऱ्या, स्वतःचं स्वतः आवरणाऱ्या मुलाबद्दल लिहिलंय. फिट येत असतील, स्वतःला मारून घेत असेल, किंवा येत असलेलं बोलणं कमी झालं असेल, तर शाळेच्या आधी विकासात्मक बालरोगतज्ज्ञांना गाठा.

आणि त्या गणिताच्या तासाचा अर्ज वेळापत्रक ठरण्याआधी द्या, मे महिन्यातच. जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर तास हलवायला कोणी तयार होत नाही.