पेशंट ओटीतून (ऑपरेशन थिएटरमधून) वॉर्डात आला की

अगं, पहिला तास त्याच्याजवळून हलू नकोस. दर १५ मिनिटांनी नाडी, बीपी, श्वास बघ आणि तेव्हाच्या तेव्हा चार्टवर लिही. आतून रक्तस्राव होत असेल तर बीपी उशिरा घसरतं, नाडी आधी पळायला लागते. ड्रेसिंग वरून कोरडं दिसलं तरी ग्लोव्ह घालून कमरेखाली हात फिरव. रक्त ओघळून तिथे साचतं. मी एकदा बघितलं नव्हतं, चादर बदलताना कळलं. अजून विसरले नाही.

लघवी तासाला किलोमागे अर्धा मिली तरी हवी, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ३० मिली. कमी वाटली तर कॅथेटरची, म्हणजे लघवीसाठी घातलेली, नळी दुमडली नाही ना बघ आणि डॉक्टरांना उठव, रात्रीचे दोन वाजले असले तरी. पोटाचं ऑपरेशन असेल तर खोकताना टाक्यांवर उशी धरायला दे. नाहीतर दुखेल म्हणून ते खोकतच नाहीत आणि छातीत कफ साचतो.