स्मार्ट तंत्रज्ञानामुळे नवी मुंबईसारख्या शहरात पाणी आणि वीज खरोखर वाचते का?

वाचते, आणि माझ्या मते ते सर्वांत ठळकपणे पाण्याच्या कामात दिसते. नवी मुंबई महापालिकेचे स्वतःचे मोरबे धरण आहे. तरीही कोपरखैरणे व ऐरोली येथे सांडपाण्यावर प्रगत प्रक्रिया करून ते ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कारखान्यांना पुरवण्याची व्यवस्था उभारली गेली, हे फार मोलाचे आहे, कारण कारखान्यांतील गरम झालेले पाणी थंड करणाऱ्या कूलिंग टॉवरला पिण्याच्या दर्जाचे पाणी लागतच नाही. आधुनिक प्रक्रिया केंद्रांत टाकीतले सेन्सर विरघळलेला प्राणवायू सतत मोजतात आणि त्यानुसार हवा सोडणाऱ्या ब्लोअरचा वेग बदलतो. सर्वाधिक वीज बहुधा याच ब्लोअरवर खर्च होत असल्याने बचतही इथेच मोठी होते. जलवाहिन्यांतील गळती मात्र मध्यरात्रीनंतर, वापर जवळजवळ थांबलेला असताना, जलमापकावरील प्रवाहावरून कळते. पुढे खोदून सांधा दुरुस्त करणारे पथक वेळेवर पोहोचायला हवे.