गोळ्यांची सवय अंगाला लागत नसते

प्रश्न: डॉक्टर, आम्ही केज तालुक्यातले. भावाला मागच्या वर्षी टीबी निघाला, गोळ्या चालू केल्या, दोन महिन्यात खोकला थांबला मग दसरा झाल्यावर टोळीसंगं ऊसतोडीला गेला आन गोळ्या राहून गेल्या. आता परत ताप, सीबीनॅट या थुंकीच्या तपासणीच्या रिपोर्टवर रिफाम्पिसिन रेझिस्टन्स आलंय, म्हणजे टीबीचं ते औषध लागू पडत नाही म्हणे. अंगाला गोळ्यांची सवय लागली का? शेजारच्याला तर त्याच गोळ्यांनी गुण आला.

उत्तर: दादा, सवय भावाच्या अंगाला नाही लागली, जंतूच वेगळा झालाय. तुमच्याकडं बीटी कापसावर गुलाबी बोंडअळी आली ना, तसंच, औषधानं अळी बदलत नाही, आधीच वेगळी असलेली तेवढी वाचते आन तिचीच पिल्लं वाढतात. टीबीचा जंतू वाढताना जीनची, म्हणजे त्याच्या आत लिहिलेल्या कृतीची, नक्कल काढतो, त्यात कधीमधी एखादं अक्षर चुकतं. रिफाम्पिसिनला दाद न देणारा जंतू साधारण 10 कोटीत एखादा, आयसोनियाझिड या टीबीच्याच दुसऱ्या औषधाला 10 लाखात एक, आन फुप्फुसात पोकळी पडली असली की तिथं 10 कोटी जंतू सहज असतात. म्हणून तर सुरुवातीला चार औषधं एकदम देतात, एकाला चुकवलं तर दुसऱ्यानं मरावा. गोळ्या अर्धवट, मागंपुढं झाल्या की नेमका हा चुकार मागं राहतो. (भावाला पहिल्यापासूनच दुसऱ्याकडून असा जंतू लागलेला असू शकतो, सगळं खापर त्याच्यावर नका फोडू.)

रिफाम्पिसिन जंतूच्या आरपीओबी जीनपासून बनणाऱ्या भागाला चिकटतं, तिथला आकार बदलला की चिकटतच नाही. यातल्या 95 टक्क्यांच्या आसपास चुका 81 अक्षरांच्या एकाच तुकड्यात सापडतात, सीबीनॅट मशीन तेवढाच तुकडा तपासतं म्हणून दोन तासात कळतं. आयसोनियाझिडची गंमत उलटी, ती गोळी कच्ची असते, तिला पक्की करायचं काम जंतूच स्वतःच्या कॅटजी जीनमधून करतो, तो जीन बिघडला की गोळी पोटात जाऊन कच्चीच राहते. बाकीचे बरेच जंतू असा गुण एकमेकाला उसना देतात, टीबीचा तसं करत नाही, त्याला स्वतःच चुकावं लागतं.

आता जुन्या गोळ्या घरीच परत चालू करू नका. आयसोनियाझिडला आन लिव्होफ्लोक्सासिन या आणखी एका औषधाला जंतू दाद देतो का ते सरकारी दवाखान्यात तपासून घ्या, त्यावर पुढचा कोर्स ठरतो. घरातल्या सगळ्यांची, लेकरांची पण तपासणी करा. आन यंदा टोळी उचलायच्या आधी मुकादमाला सांगून ठेवा, निक्षयचा, म्हणजे सरकारी टीबी नोंदणीचा, नंबर सोबत असला की कारखान्याजवळच्या सरकारी दवाखान्यातून पण गोळ्या मिळतात.