फारसीत आर्मेनियाला काय म्हणतात आणि तो शब्द वापरतात कसा?

इराणच्या उत्तरेला अरास नदीपलीकडे जो आर्मेनिया आहे त्याला फारसीत अर्मनेस्तान म्हणतात, आणि त्यांची राजधानी येरेवान म्हणजे ईरवान. यातला -स्तान म्हणजे आपल्या स्थानचाच सख्खा भाऊ, कब्रस्तानात आपण रोज वापरतो तोच. गंमत म्हणजे आर्मेनियन लोक स्वतः देशाला हायस्तान म्हणतात, म्हणजे नाव त्यांचं पण शेपटी इराणी भाषांकडूनच आलेली.

वापरताना एक गोष्ट नीट लक्षात ठेवा, माणूस आणि भाषा दोन्हीला अर्मनी म्हणतात (जबान-ए अर्मनी), पण अर्मनी म्हणजे आर्मेनियाचा नागरिकच असं अजिबात नाही, कारण इराणमधल्या इस्फहान शहराच्या जुल्फा भागात तिथला राजा शाह अब्बासच्या काळापासून म्हणजे 17व्या शतकापासून अर्मनी राहतात आणि ते इराणीच आहेत, त्यांना "तुमच्या देशात" वगैरे म्हटलं तर वाईट वाटणारच ना. देशच सांगायचा असेल तर अहल-ए अर्मनेस्तान म्हणा.

हाच -स्तान पाठ झाला की बाकीचे पटापट येतात, जॉर्जिया गुर्जेस्तान (अमेरिकेतलं राज्य मात्र जॉर्जिया!), हंगेरी मजारेस्तान, पोलंड लहेस्तान. हा शेवटचा मला फार आवडतो.