वाचकांचे प्रश्न : कवितेचा सारांश आणि कवितेचे विश्लेषण

प्रश्न : मी बी.ए.च्या पहिल्या वर्षाला असून मराठी हा माझा ऐच्छिक विषय आहे. बालकवींच्या 'औदुंबर' या कवितेवरील माझ्या स्वाध्यायावर 'हा केवळ सारांश आहे, विश्लेषण करा' असा शेरा मिळाला. दहावीला आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य आणि भाषिक वैशिष्ट्ये या मुद्द्यांनुसार रसग्रहण लिहून चांगले गुण मिळत असत. आता नेमके वेगळे काय करायचे? कवितेचा खरा अर्थ समीक्षाग्रंथांतून आधी पाहून घ्यावा का? – एक विद्यार्थिनी, सातारा

उत्तर : तुमचा गोंधळ स्वाभाविक आहे, कारण शाळेत ज्या चौकटीने तुम्हाला गुण मिळवून दिले, तीच आता आड येते आहे. त्या चौकटीत कवितेचे नाव बदलले तरी उत्तरातील निम्मी वाक्ये जशीच्या तशी राहू शकतात. 'कवीने निसर्गाचे मनोहारी चित्रण केले आहे' हे वाक्य बालकवींच्या बहुतेक कवितांना लागू पडेल आणि म्हणूनच ते 'औदुंबर'विषयी काहीच सांगत नाही. महाविद्यालयात अपेक्षित असते ते फक्त याच कवितेविषयी करता येईल असे विधान, आणि त्याला कवितेतूनच दिलेला आधार.

झरा, टेकडीकडचे चार घरांचे गाव, शेतमळे, पायवाट, डोह आणि शेवटी औदुंबर, एवढे सांगितले की या आठ ओळींचा सारांश संपतो. विश्लेषण सुरू होते ते हा क्रम असाच का, या प्रश्नापासून. शीर्षकात ज्याचे नाव आहे ते झाड आठव्या ओळीत, तेही अगदी शेवटच्या शब्दात भेटते. त्याआधी हिरवाळी, हिरवी गरदी, हिरवे कुरण असा हिरवा रंग तीनदा येतो आणि त्यातून निघालेली पांढरी पायवाट 'काळ्या डोहाकडे' जाते. झरा वाहतो, वाट चालते, काळिमा पसरतो; औदुंबर मात्र बसलेला आहे. शिवाय गाव आहे, शेते आहेत, वाट आहे, पण माणूस एकही नाही, आणि पाण्यात पाय टाकून बसण्याची माणसाची लकब झाडाला दिलेली आहे. हे सारे कविता चार-पाचदा मोठ्याने वाचली की कोणत्याही ग्रंथाविना हाती लागते.

अर्थात निरीक्षणांची नुसती यादी हेही विश्लेषण नव्हे, आणि तपासणाऱ्याला ती सारांशाइतकीच कंटाळवाणी वाटते. त्यांतली दोन-तीन निरीक्षणे जोडून एक म्हणणे मांडावे लागते. उदाहरणार्थ, हिरव्यातून काळ्याकडे आणि हालचालीतून स्थिरतेकडे जाणारी ही कविता उदासीनतेकडे झुकते, असे तुम्ही म्हणू शकाल. तसे म्हणताच सातवी ओळ तुम्हाला अडवेल, कारण तेथला काळिमा 'गोड' आहे. हे विशेषण गाळून पुढे जाण्याचा मोह टाळा आणि उलट तेथेच थांबून लिहा : ही उदासीनता भय घालणारी नसून हवीहवीशी आहे का? की हा गोडवा पाहणाऱ्याच्या मनातला आहे आणि झाडाला त्याचे सोयरसुतक नाही? कोणतीही बाजू घेतलीत तरी चालेल. ती ओळींच्या आधारे लढवता आली पाहिजे.

बालकवींचे १९१८ मध्ये, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, जळगावजवळच्या भादली स्थानकानजीक रेल्वे अपघातात निधन झाले. त्यामुळे काळा डोह म्हणजे कवीला लागलेली मृत्यूची चाहूल, असे लिहावेसे वाटते. हा दुवा कवितेतला नसून चरित्र वाचलेल्या आपल्या मनातला आहे, तेव्हा तो पुरावा म्हणून वापरू नये.

समीक्षा आधी वाचू नका. स्वतःचा कच्चा मसुदा तयार झाल्यावर अवश्य वाचा. याच कवितेला निखळ निसर्गचित्र मानणारे वाचनही मराठीत झाले आहे आणि तिच्यात जीवनाविषयीचा गूढ अर्थ पाहणारेही. त्यामुळे एकच एक 'खरा अर्थ' ग्रंथालयात तुमची वाट पाहत असेल, ही अपेक्षा सोडून द्या. स्वाध्याय पुन्हा लिहिताना कवीच्या जन्मगावापासून सुरू होणारा पहिला परिच्छेद (तो तुम्ही लिहिला असणारच) सरळ काढून टाका आणि 'गोड काळिमा' या दोन शब्दांपासून सुरुवात करून पाहा.