नेटहॅकसारखा जुना रोगलाईक आज सुरू करण्यात अर्थ आहे का? मजा जास्त की मनस्ताप?

तुम्ही लिहिलंय की आठवडाभर नेटहॅक हा भुयारात खाली खाली उतरत जायचा कॉम्प्युटर गेम खेळताय, वीसेक वेळा मेलात, चौथ्या लेव्हलच्या खाली अजून गेला नाहीत आणि आता कळेना झालंय की गेम खरंच भारी आहे की जुने लोक उगाच डोक्यावर घेऊन नाचतात. मी 12 वर्षं खेळतेय, पूर्ण जिंकलेय फक्त दोनदा, तेव्हा माझ्यापुरतं सांगते. गेम खूप चांगला आहे. आणि तुम्हाला होणारा त्रासही खरा आहे, त्यातला निम्मा तर तुमच्या चुकीमुळे होतच नाहीये.

1980 च्या सुमारास कॅलिफोर्नियात मायकेल टॉय आणि ग्लेन विचमन या दोन विद्यार्थ्यांनी रोग (Rogue) नावाचा गेम लिहिला, त्यात दरवेळी नवा नकाशा, पडद्यावर सगळं चित्रांऐवजी अक्षरांत, आणि मेलात की परत पहिल्यापासून; त्याच्यासारख्या गेमना रोगलाईक म्हणतात. त्यावरून 1982 मध्ये हॅक आला आणि 1987 मध्ये नेटहॅक. तेव्हापासून लोक फुकट, आवडीने त्यात भर घालत आलेत, आणि मला वाटतं गेमची खरी ताकद इथेच आहे, की एवढ्या वर्षांत कुणीतरी बसून विचार केलाय की ही वस्तू त्या वस्तूला लागली तर काय होईल, आणि ते सगळं खरोखर होतं.

कॉकट्रिसचंच घ्या. कोंबडीसारखा दिसणारा प्राणी, पिवळा c, उघड्या हाताने शिवलात की जागच्या जागी दगड. आता हाच नियम उलटा फिरवा, म्हणजे हातात ग्लव्ह्ज घाला, मेलेल्या कॉकट्रिसचं मढं उचला आणि शस्त्र म्हणून धरा, ज्याला लागेल तो दगड. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, एक दिवस नुसतंच मनात आलं की चालेल का, आणि चाललं! त्या दिवशी मी खुर्चीतून उठून खोलीत दोन फेऱ्या मारल्या होत्या.

पण नियम दोन्ही बाजूंनी लागतो. चौदाव्या लेव्हलवर माझी व्हॅल्किरी (लढवय्या बाईचं कॅरेक्टर) होती, आजवरच्या चांगल्यातली एक, हातात तेच मढं, ग्लव्ह्ज घातलेले, सगळं नीट. दोन चिलखतं जास्तीची उचलली होती म्हणून खाली स्टेटस लाईनवर बर्डन्ड दिसत होतं, मी ते वाचलंही होतं, म्हटलं खाली जाऊन टाकू, आणि जिना उतरायचं बटण दाबलं. ओझं असलं की जिन्यावरून पडायला होतं. पडलं की हातातलं मढं अंगाला लागतं, तिथे ग्लव्ह्जचा उपयोग नाही. दोन ओळी आल्या, पडताना तू कॉकट्रिसच्या मढ्याला शिवलीस, तू दगड झालीस, संपलं. तीन आठवड्यांचा खेळ होता. त्या रात्री खूप वाईट वाटलं पण गेमवर राग आला नाही, कारण सगळं समोर लिहिलेलं होतं आणि घाई माझी होती. असं मरण मला मान्य आहे, त्यातून मी जे शिकले ते पुढच्या प्रत्येक खेळात माझ्याबरोबर आलं, कारण या प्रकारात तुमच्याबरोबर पुढे येतं ते तेवढंच, ना पैसे, ना पॉवर, ना अनलॉक केलेलं काही.

दुसरी गोष्ट म्हणजे हा गेम थांबतो. तुम्ही बटण दाबेपर्यंत जगात काहीही हलत नाही. मुलगी चार महिन्यांची होती तेव्हा मी रात्री तिला खांद्यावर झोपवून एका हाताने खेळायचे, माऊस लागतच नाही त्यामुळे जमायचं. एकदा सोल्जर अँट्सनी घेरलं, तीन होत्या, आपल्या दीडपट वेगाने पळतात त्या, 52 पैकी 9 हिट पॉइंट, म्हणजे जीव, उरले, संकटात वाचवणारी प्रार्थना 200 टर्नांपूर्वीच (टर्न म्हणजे एक चाल) करून झालेली म्हणजे देव आता उलट कोपणार. मी हात काढून घेतला आणि पंधरा-वीस मिनिटं नुसती बसले, मुलीला थोपटत, इन्व्हेंटरीतली, म्हणजे जवळच्या सामानातली, एकेक वस्तू आठवत. वस्तू कुठलीच कामाची नव्हती. मग लक्षात आलं की बोट तर आहे, धुळीत एल्बरेथ हा शब्द लिहिता येतो, तो लिहिलेल्या घरात (नकाशावरच्या चौकोनात) उभं राहिलं की बहुतेक प्राणी अंगावर येत नाहीत. E, मग बोटासाठी आडवी रेघ, मग अक्षरं. पहिल्यांदा एक अक्षर चुकलं, एक चावा बसला, दुसऱ्यांदा नीट उमटलं आणि मुंग्या पाठ फिरवून पळाल्या. जिना तीन घरांवर होता. ते तीन टर्न मला आजही दिसतात.

आता मनस्ताप. पहिला म्हणजे जे तुमचं होतंय ते, गेम काही गोष्टी तुम्हाला मेल्याशिवाय कळूच देत नाही. निळा e दिसला, चालत जाऊन मारलात, तुम्ही सुन्न होऊन पडलात आणि जो येईल त्याने येऊन मारलं, हे प्रत्येकाचं एकदा तरी होतं. त्याला फ्लोटिंग आय म्हणतात, तो स्वतः कधी हल्ला करत नाही, फक्त त्याला हाताने किंवा तलवारीने मारायचं नाही, लांबून सुरी फेकायची किंवा सरळ सोडून द्यायचं. हे गेमच्या आत नव्या माणसाने शोधायचं कुठून? याला मी अवघडपणा म्हणत नाही, ही माहिती अडवून ठेवणं आहे, आणि म्हणूनच माझं स्पष्ट मत आहे की नेटहॅकची विकी (गेमची सगळी माहिती असलेली साइट) उघडा, बिनधास्त उघडा. काही जुने खेळाडू म्हणतात विकी वाचून खेळलं तर काय खेळलं, मला ते अजिबात पटत नाही, माहिती असूनही हा गेम मारतोच.

पण काही शोध मात्र स्वतःसाठी राखून ठेवा. औषधांचे रंग, स्क्रोलवरची (जादूच्या गुंडाळ्यांवरची) नावं दर खेळात बदलतात आणि ती ओळखायची रीत फार गोड आहे. दुकानात भाव विचारायचा, आयडेंटिफायच्या, म्हणजे वस्तू ओळखून देणाऱ्या, स्क्रोलची मूळ किंमत 20, त्यामुळे सगळ्यात स्वस्त स्क्रोल तोच. वेदीवर वस्तू ठेवली की शापित आहे का ते चमकून कळतं. अंगठी सिंकमध्ये टाकली की कसली ते बऱ्याचदा कळतं, अंगठी मात्र बहुतेक वेळा गेली.

दुसरा मनस्ताप, काही मरणं खरंच अन्यायाची असतात. तिसऱ्या लेव्हलवरच्या एखाद्या बुटक्या नोमला जमिनीवर पडलेली डेथची (झटक्यात जीव घेणारी) कांडी सापडते आणि तो ती तुमच्यावर रोखतो, तुम्ही त्याला धड पाहिलेलंही नसतं. फार क्वचित होतं पण होतं. त्यातून शिकण्यासारखं काही नाही, लॅपटॉप बंद करून झोपायचं.

तिसरा तुम्हाला अजून बराच काळ भेटणार नाही, पण मला तोच सगळ्यात जास्त खटकतो. शेवटचा भाग लांबलेला आहे. गेहेनममध्ये, म्हणजे तळाच्या नरकात, लेव्हलमागून लेव्हल नुसते चक्रव्यूह, त्यात पहिल्या दहा लेव्हलची ती नवलाई नाही, आणि यंडॉरचं ताईत, म्हणजे जिंकायला जे मिळवावं लागतं ते, घेऊन वर निघालात की एक अदृश्य शक्ती अधूनमधून परत खाली ढकलते, यंडॉरचा विझार्ड, म्हणजे तिथला मोठा जादूगार शत्रू, तोही मारला तरी परत येतो. पहिल्या वेळी मी इथे कंटाळून घाई करायला लागले होते, आणि इथे घाई म्हणजे दोन महिन्यांचं कॅरेक्टर हातचं घालवणं. इतकी वर्षं भर घालणाऱ्यांनी इथे थोडी काटछाट करायला हवी होती असं मला मनापासून वाटतं.

तुम्ही आज काय करा, तर ड्वार्फ (बुटक्या जातीची) व्हॅल्किरी घ्या, तिला अंधारात उबदार प्राणी दिसतात, अंगात दम आहे, आणि नोमांच्या खाणीत बहुतेक रहिवासी तिला त्रास देत नाहीत म्हणजे तुमची ती चौथी लेव्हल बरीच सोपी होईल. हिट पॉइंट एकसप्तमांशाच्या खाली गेले की प्रार्थना करा, पण पहिले 300 टर्न नको आणि एकदा केल्यावर हजारेक टर्न थांबा. ताजं मारलेलंच खा, जुनं पडलेलं मढं खाऊ नका, लायकन आणि लिझर्ड तेवढे कधी सडत नाहीत, आणि लिझर्डचं मिळालं तर खाऊ नका, जपून ठेवा, दगड व्हायला लागलात तर तेच वाचवतं. सोकोबानच्या (दगड ढकलायच्या कोड्यांच्या) चार लेव्हल नक्की करा, वेळ लागतो पण वर मिळणारं बक्षीस शेवटपर्यंत पुरतं. छोट्या आणि मोठ्या अक्षरांचा फरक हातात बसू द्या, w म्हणजे शस्त्र धरणं, W म्हणजे चिलखत घालणं, दोन-तीन दिवसांत सवय होते. आणि मराठी टायपिंग करत असाल तर आधी कीबोर्ड इंग्रजीवर आहे ना ते बघा, नाहीतर एकही कमांड चालत नाही.

आजच्या खेळात कशाने मेलात ते खाली लिहा, मी रात्री अकरानंतर असते, बघून सांगेन की ते टाळता आलं असतं का.