नोकरी, दोन लेकरं आणि स्वयंपाक सांभाळून वजन आणि थकवा कसा कमी करू? ओट्स, प्रोटीन पावडर, जिम सुरू करू का?

ताई, तुम्ही लिहिलंय की वय 36, लातूरला दिवसभर खुर्चीत बसून काम, पहाटे साडेपाचला उठणं, वजन वाढत चाललंय आणि तरी दुपारी चारला अंगात त्राण राहत नाही. मी परभणीची, शाळेत शिकवते, लेकरं मलाही दोन. साडेपाचचा गजर आमच्याकडेही वाजतो.

ओट्स आणण्याआधी एक सांगा, घरात तुम्ही कितव्या नंबरला जेवता? आपल्याकडे सगळ्यांचं उरकलं की बाई बसते. तोवर वरणाच्या पातेल्यात नुसतं वरचं पाणी, उसळ लेकरांनी संपवलेली, भाकऱ्या मात्र टोपल्यात भरपूर. मग दोन-तीन भाकरी, ठेचा, लोणचं, आणि वाया कशाला घालवायचं म्हणून पोराने टाकलेला अर्धा पराठा. पोट भरतं, वजनही वाढतं, अंगाला लागत काहीच नाही. म्हणून माझा सल्ला एवढाच: स्वयंपाक झाला की आधी स्वतःचं ताट वाढून झाकून ठेवा. जेवा सगळ्यांसोबतच. सासूबाई काही बोलल्या तर डॉक्टरांनी सांगितलंय म्हणा, त्यावर घरात कुणी वाद घालत नाही.

पावडरीचा हिशोब करू. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) मापाने वजनाच्या किलोमागे दिवसाला 0.83 ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे 60 किलोच्या बाईला दिवसाला साधारण 50 ग्रॅम. 100 ग्रॅम ज्वारीच्या पिठात 10 ग्रॅमच्या आसपास असतात. दिवसभरात तीन मध्यम भाकऱ्या खाल्ल्या तर पंधरा तिथेच आले. वाटीभर घट्ट वरणात (30 ग्रॅम तूरडाळ धरा) सहा-साडेसहा, दोन वेळचे तेरा. मटकीची किंवा हुलग्याची उसळ वाटीभर, सात. मूठभर शेंगदाणे, सात. वाटीभर दही, चार-पाच. खात असाल तर एक अंडं, सहा. झाले की पन्नास! पावडरीचा डबा दुकानातच राहू द्या. फक्त वरण घट्ट हवं, आणि शेंगदाण्याची मूठ एकच. आपण कूट भाजीत घालतो, चटणीत घालतो, कोशिंबिरीत घालतो, वर तेलाची तर्री. 100 ग्रॅम शेंगदाण्यात साडेपाचशेच्या वर कॅलरी असतात, वजन तिथून चढतं.

सकाळच्या घाईला ओट्सपेक्षा धपाटे बरे. रात्रीच मेथी निवडून चिरून ठेवायची, लसूण-मिरची-जिरं ठेचून ठेवायचं. सकाळी दोन वाट्या ज्वारीचं पीठ, वाटीभर डाळीचं पीठ, मूठभर कणीक, तीळ, हळद, मीठ, सगळं दह्यात भिजवा. ओल्या फडक्यावर थापा, बोटाने चार-पाच भोकं पाडा, फडक्यासकट तव्यावर उलटा आणि फडकं हळूच सोडवून घ्या. तेल त्या भोकांतच थेंब थेंब सोडायचं, म्हणजे खालपर्यंत जातं आणि कमी लागतं. दह्यामुळे डब्यात दुपारपर्यंत मऊ राहतात. लेकरांना तेच, तुम्हालाही तेच. वेगळा डाएटचा स्वयंपाक करायला वेळ कुणाला आहे?

ज्वारी मालदांडी उत्तमच. आमच्या कृषी विद्यापीठाने 2018 मध्ये 'परभणी शक्ती' हा लोह आणि जस्त जास्त असलेला वाण दिलाय, ओळखीतल्या शेतकऱ्याकडे मिळाला तर जरूर घ्या.

आता थकवा. हिमोग्लोबिन तपासून घ्या, सरकारी दवाखान्यातही होतं. 12 च्या खाली असेल तर रक्त कमी. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के बायकांना रक्तक्षय निघाला होता, तेव्हा घाबरण्यासारखं नाही, पण अंगावरही काढू नका. पाळीत जास्त जात असेल तर डॉक्टरांना ते आधी सांगा, आणि सोबत थायरॉइडही बघून घ्या. जेवणावर लगेच चहा नको, त्याने लोह अंगी लागत नाही. तासभर जाऊ द्या. पालेभाजीवर लिंबू पिळा, त्याने उलट फायदा होतो. चहाला दोन चमचे साखर, असे चार कप म्हणजे दिवसाला 30-40 ग्रॅम साखर नुसती चहातून, हेही बघा.

उपवास किती करता ते लिहिलं नाहीत. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. भगर त्यापेक्षा बरी, पण भगरीचं तयार पीठ विकत आणू नका. भगर निवडून, धुऊन, वाळवून घरीच लागेल तेवढी दळा. आपल्या भागात त्या पिठाने विषबाधा झाल्याच्या बातम्या दर उपवासाला असतात.

जिम जवळ असेल आणि जमत असेल तर लावा, माझा विरोध नाही. नसेल तर जागतिक आरोग्य संघटनेचं माप लक्षात ठेवा: आठवड्याला किमान 150 मिनिटं दम लागेल असं चालणं आणि दोन दिवस स्नायूंचा व्यायाम. धुणंभांडी केली, झाला व्यायाम, हे घरात बसून पेपर वाचणारे म्हणतात. कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत ओट्याला हात टेकून दंड काढा, हात न लावता खुर्चीवरून उठा-बसा, पाच लिटरचा तेलाचा कॅन उचला. एप्रिल-मेमध्ये चालायचं ते सातच्या आत, नाहीतर दिवस मावळल्यावर. आणि जिमच्या फीतून आधी बरे बूट घ्या. साडीवर बूट घालून निघालात तर कॉलनी दोन दिवस बघेल, तिसऱ्या दिवशी शेजारीण विचारेल, किती वाजता निघता?